सरपंचांचा मागचा डावा पाय

"माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे नखं बोथट करत आणल्याचा इतिहास आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी सकाळी दाढी करतानाच तयार करून ठेवलं होतं. ऐकायला दोघं होते. त्यांपैकी एकाचा पंजा माझ्या हातात होता. त्याने माझ्या तोंडावर सावकाश, शेवटची दाढ दिसेल अशी जांभई दिली. दुसरी व्यक्ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती त्याच्या कानाशी वाकली.

"सरपंच, त्यांना म्हणावं, कात्री उलटी धरलीय."

कात्री उलटी धरली होती. मी ती सुलटी केली. संस्कृतीचा विषय तिथंच राहिला.

गडहिंग्लजच्या आमच्या घराला मागच्या अंगाला एक कट्टा होता. पौषातलं ऊन दुपारी त्या कट्ट्यावर येऊन बसायचं आणि संध्याकाळपर्यंत हलायचं नाव घ्यायचं नाही. नदीच्या बाजूला गुऱ्हाळ लागलेलं असायचं. वारा तिकडून आला की सगळ्या आळीला गुळाचा वास यायचा, आणि माणसं बोलता बोलता वाक्याचं शेपूट विसरायची. ही गोष्ट तशा एका दुपारची आहे. सरपंच जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून तो वास आला की मला मांडीवर एक जड, ऊबदार पंजा असल्यासारखा वाटतो.

सरपंच म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू होते तेव्हा ते शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचे आणि काहीही करायचे नाहीत. नाव आपोआप पडलं. अंगाने तांबूस, एक कान उभा, दुसरा कोणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत असल्यासारखा वाकलेला. आमच्या घरात त्यांना कोणी अरेतुरे करत नसे.

डोकं मांडीवर घेतलेली व्यक्ती म्हणजे माझी बायको, हेमलता. ती माझ्याशी बोलत नव्हती.

अबोला आमच्या घरात नवा नव्हता. त्याची एक रीत होती. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, फक्त एकमेकांशी थेट बोलायचं नाही. निरोप तिसऱ्यापाशी द्यायचा. माझी आई होती तोवर ती तिसरी होती. 'आई, यांना विचारा, भाजी कसली करू.' मी समोर बसून ऐकलेलं असलं तरी आई तो निरोप पुन्हा पहिल्यापासून सांगायची, आणि सांगताना पदरचं थोडं घालायची. त्यामुळे तेव्हाचे अबोले लांबत. आई गेल्यावर काही वर्षं आम्ही रेडिओला सांगून पाहिलं, पण रेडिओ मध्येच बोलायचा. मूलबाळ आम्हाला नव्हतं. मग सरपंच आले. ऐकून घ्यायचं, मान कलती करायची आणि आपलं काही घालायचं नाही, या बाबतीत त्यांच्याइतका भला गृहस्थ मी पाहिलेला नाही.

या खेपेचा अबोला इरकलीवरून होता. हेमलता आपल्या आईची जुनी इरकली साडी ट्रंकेत ठेवत होती. सामान बांधताना पाहून सरपंचांना वाटलं, घरातली मंडळी यात्रेला निघाली. त्यांनी आनंदाने उडी घेतली आणि नख काठात अडकलं. काठ फाटताना जो आवाज झाला, तो ऐकून ते स्वतःच कॉटखाली जाऊन बसले.

"नखं वेळच्या वेळी कापली असती तर," हेमलता म्हणाली. तेव्हा आम्ही अजून बोलत होतो.

"कापणार कधी? सोमवारी तू म्हणालीस शंकराचा वार. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार देवीचा. शनिवारी तर नखाचं नावही काढायचं नाही. मंगळवारी कात्री काढली, तर अंगारकी निघाली."

"कुत्र्याला कसला आलाय वार?"

"हे तू मला आत्ता सांगतेस."

तिथून पुढे आम्ही दोघंही सरपंचांशी बोलू लागलो.

आज बुधवार होता. बुधवाराविरुद्ध कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आणि आज नखं कापणं भागच होतं.

सामान बांधलं जात होतं ते यासाठी, की आम्ही घर सोडून चाललो होतो. बेळगावच्या अलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी 'शांतिछाया' नावाची एक वसाहत निघाली होती. दोघांना एक खोली, दोन्ही वेळचं जेवण आयतं, वाचनालय, संध्याकाळी भजन. आमचं घर एका डॉक्टरांना दवाखान्यासाठी द्यायचं ठरलं होतं. सोमवारी टेंपो येणार होता. अडचण एकच होती, आणि ती आत्ता आम्हा दोघांच्या मध्ये आडवी पडली होती. शांतिछायेत कुत्रा चालत होता, पण त्याची तपासणी व्हायची. तिथली फरशी तोंड दिसेल इतकी घोटलेली, आणि राहणारे सगळे हलक्या झोपेचे. म्हणून नियम असा, की प्राण्याची नखं कापून, घासून इतकी गुळगुळीत केलेली असावीत, की चालताना आवाज होऊ नये. वसाहतीच्या समितीचे कोणी पाच्छापुरे म्हणून गृहस्थ आज चहाच्या वेळेला येऊन सरपंचांना चालवून बघणार होते. सरपंच पास झाले की आम्ही जाणार. नापास झाले तर जाणं रद्द, कारण त्यांना मागे ठेवायचं नाही एवढ्यापुरतं आमचं अबोल्यातही एकमत होतं.

हेमलताला तिथं जायचं होतं. तसं ती बोलली नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, की स्वयंपाकाचा आता कंटाळा येतो. पण इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला असल्या गोष्टी न सांगता कळतात. मी लगेच होकार कळवून टाकला होता.

"सरपंच," मी म्हणालो, "बाईंना सांगा, पंजा घट्ट धरा. हलला तर शीर कापली जाईल."

"सरपंच, त्यांना म्हणावं, पंजा हलत नाहीये. त्यांचा हात हलतोय."

कुत्र्याच्या नखाच्या आत एक शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते आणि माणूस सावध राहतो. सरपंचांची नखं काळीभोर. काळ्या नखात काही दिसत नाही. कांद्याच्या पापुद्र्याएवढं कापायचं, कापलेल्या जागेकडे बघायचं, पुन्हा तेवढंच कापायचं. मधोमध एक ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. शीर कापलीच तर दाबायला हेमलताने वाटीत हळद घेऊन ठेवली होती. कापलेला प्रत्येक तुकडा ती बोटाने टिपून कागदावर ठेवत होती.

"सरपंच, विचारा त्यांना, तुकडे कशाला वेचतात?"

"नखाचा तुकडा घरात राहिला की भांडणं होतात, म्हणावं."

"मग सध्या जे चाललंय ते कसलं?"

"ते जुन्या तुकड्यांचं आहे."

सरपंचांनी यावर डोळे मिटले.

कापून झालं. आता घासायचं होतं. मी हायस्कुलात सुतारकाम शिकवत असे, त्यामुळे हा भाग माझा होता. माझ्याकडची सगळ्यात बारीक कानस मी काढली. मुलांना मी सांगायचो, कानस एकाच दिशेने चालवा. पुढेमागे केली की कड फुटते. कड मोडली, म्हणजे तिची धार गेली, की वर पॉलिश पेपर, जुना, झिजलेला, आणि शेवटी खोबरेल तेलाचं बोट. सरपंचांना कापणं आवडलं नव्हतं, पण घासणं त्यांना एकदम पसंत पडलं. त्यांनी दुसरा पंजाही आपण होऊन पुढे केला, बांगड्या भरायला बसलेल्या बाईसारखा.

सर्र, सर्र, सर्र. ऊन पाठीवर. पेरूच्या झाडावर एक होला तीच तक्रार पुन्हा पुन्हा करत होता. गुळाचा वास आला, गेला, पुन्हा आला.

"सरपंच, त्यांना म्हणावं, जरा भराभर. ते गृहस्थ येतील."

"चांगलं काम सावकाश होतं, बाईंना सांगा."

"शाळेत मुलं पाटाचे चार पाय वर्षभर घासायची म्हणे, आणि तरी पाट डगमगायचा."

"तो पाट डगमगत नव्हता. जमीन वर-खाली होती."

"असं त्यांना त्या वर्षीही वाटलं होतं, सरपंच."

मी पुढच्या पायाच्या करंगळीच्या नखाला हात घातला. ते आधीच झालेलं होतं. मी ते पुन्हा केलं. मला घाई नव्हती. का नव्हती, हे मी स्वतःला विचारलं नाही. इतक्या उन्हात माणूस स्वतःला प्रश्न विचारत नाही. एकेक नख आरशासारखं होत गेलं. त्या पंजाच्या शेवटच्या नखात मला आमची पेरूची फांदी दिसली, उलटी आणि एवढीशी, आणि तिच्या खाली धुण्याची दोरी. त्या दोरीवर काय वाळत घातलंय ते बघायला मी जरा वाकलो.

दोरी लांबच लांब गेली होती. तिच्या कडेने मी चालत होतो. पायाखाली फरशी होती, पण पाण्यासारखी. माझ्याखाली आणखी एक मी पाय वर करून चालत होता. पुढे सरपंच होते. ते पाऊल टाकत होते आणि आवाज होत नव्हता. दोन्ही बाजूंना दारं, दारांत माणसं, सगळी प्रसन्न, सगळ्यांची बोटं ओठांवर. त्यांची नखंही सुंदर घासलेली होती. कोणाचं काम इतकं चांगलं आहे ते विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तर माझ्या आवाजाचीही कड कोणीतरी मोडून ठेवली होती. लांबवर हेमलता पाठमोरी चालली होती. मी तिला हाक मारली. हाक गुळगुळीत निघाली आणि फरशीवरून घसरत भलतीकडेच गेली. हेमलता थांबली, वळली, माझ्याकडे बघून ओळखीचं हसलीदेखील, जशी बँकेतल्या माणसाकडे बघून हसते. मग खाली वाकून तिने सरपंचांना विचारलं, "हे कोण?"

सरपंचांनी मान कलती केली.

सर्र, सर्र, सर्र.

मी जागा झालो, पण डोळे उघडले नाहीत. माझं डोकं भिंतीला टेकलेलं होतं आणि हातात कानस नव्हती. सर्र सर्र मात्र चालू होतं. हेमलता घासत होती. तिच्या हाताची लय माझ्यापेक्षा बरी होती, हे अर्ध्या झोपेतही माझ्या लक्षात आलं आणि अर्ध्या झोपेतही आवडलं नाही.

ती सरपंचांशी बोलत होती. निरोप देताना बोलायची तशी नाही. हळू, स्वतःपाशी ठेवल्यासारखं.

"झोपले बघा तुमचे मास्तर. काम अर्धं टाकून. पण तिथं गेले की खूष होतील हो. बघायला गेलो होतो तेव्हा वाचनालय पाहून काय चेहरा झाला होता. सगळे पेपर येतात म्हणाले, बेळगावचे, कोल्हापूरचे, इंग्रजीसुद्धा. लहान मुलाला जत्रा दाखवल्यासारखे सांगत होते. मग मी कशाला आडवी येऊ? मीच म्हटलं, मला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय. म्हणजे त्यांना होकार द्यायला सोपं."

सर्र, सर्र.

"कंटाळा कसला, सरपंच. कंटाळा तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आला होता, तो गेलासुद्धा. तिथं ताट आयतं येणार. मीठ कमी असलं तर कोणाला सांगणार? इथं हे मला म्हणतात मीठ कमी आहे, मी म्हणते वरून घ्या, हे म्हणतात वरून घेतलेलं लागत नाही. बोलण्यात जेवण होतं. आणि एकच खोली. तुम्हीच सांगा, एका खोलीत अबोला धरायचा कसा? रुसून माणसानं जायचं कुठं? मला नाही जायचं बघा. तुम्हाला म्हणून सांगितलं."

होला गप्प झाला. मला डोळे उघडायचे होते, पण ते रीतीला धरून झालं नसतं. ती जे बोलली होती ते सरपंचांना बोलली होती; मी ते ऐकणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं. मी तसाच पडून राहिलो. माझ्या पापण्यांच्या आत सगळं तांबडं होतं, ऊबदार होतं, आणि त्या तांबड्यातून सोमवारचा टेंपो सावकाश मागे मागे चालला होता.

मग मी डोळे मिटूनच म्हणालो, "सरपंच."

कानस थांबली.

"सरपंच, इंग्रजी पेपर मी कधी वाचला होता? आम्ही इथं शेजारच्या हिरेमठांचा पेपर वाचतो. दुपारी येतो, एका पानावर चहा सांडलेला असतो आणि शब्दकोडं अर्धं चुकीचं सोडवलेलं असतं. ते खोडून दुरुस्त करण्यात आमचा दिवस जातो. तिथं कोरा पेपर येणार. कोऱ्या पेपरचं माणसानं काय करायचं? वाचनालय चांगलं म्हणालो, ते बाईंना बरं वाटावं म्हणून. आणि होकार दिला, तो त्यांना स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून."

वाऱ्याने दिशा बदलली असावी, कारण गुळाच्या वासाऐवजी गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर आला.

"सरपंच," हेमलता म्हणाली, "हे जागे आहेत का विचारा."

"नाही म्हणावं."

"मग हे बोलतंय कोण?"

"झोपेत बोलतात म्हणावं. जुनी सवय आहे."

"झोपेत खरं बोलतात की खोटं?"

"झोपेत खोटं सुचत नाही म्हणावं."

मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत नव्हती. सरपंचांच्या पायांकडे बघत होती. दोन्ही पुढचे झाले होते, मागचा उजवा झाला होता. मागच्या डाव्या पायाची नखं कापलेली होती, पण घासायची राहिली होती. कडा कात्रीने सोडलेल्या तशाच, चरचरीत. घराच्या पुढच्या अंगाला फाटक वाजल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा, फार काळजीपूर्वक बंद केल्याचा.

मी कानशीसाठी हात पुढे केला. हेमलताने कानस दिली नाही. तिने तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, त्यावर पदर टाकला, आणि वर थोपटलं, मूल झोपवल्यासारखं.

"सरपंच," ती म्हणाली, "एवढा एक पाय राहू दे का, विचारा त्यांना."

मी त्या पदराकडे बघितलं.

"राहू दे म्हणावं," मी म्हणालो.

पाच्छापुरे आमच्याच वयाचे निघाले. टोपी, मफलर, स्वेटर, पायमोजे. ते पोस्टातून निवृत्त झालेले, आणि बायको गेल्यावर शांतिछायेत राहायला आलेले. वसाहतीतल्या प्राण्यांचं काम समितीने त्यांच्याकडे सोपवलं होतं. बोलताना ते इतके हळू बोलायचे, की समोरचा आपण होऊन कुजबुजायला लागायचा. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या, पण उजव्या पायाची काढताना भिंत धरली, आणि आत येताना तो पाय जरा जपून टाकला.

"हेच का ते?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"हेच सरपंच," मी कुजबुजलो.

"नमस्कार," पाच्छापुरे म्हणाले. त्या एका शब्दासरशी मला ते आवडले.

बाहेरच्या खोलीत मोझॅकची फरशी होती. पाच्छापुरे खुर्चीवर बसले, मफलर कानावरून बाजूला केला आणि डोळे मिटले. डोळ्यांनी बघून कळत नाही, म्हणाले, कानांनीच बघावं लागतं. मग त्यांनी हाताने खूण केली. मी पलीकडच्या दारात उभा राहिलो आणि सरपंचांना बोलावलं.

सरपंच निघाले. पुढचा उजवा पाय पडला, काही नाही. पुढचा डावा, काही नाही. मागचा उजवा, जणू कापसावर. स्वप्नात ते अगदी असेच चालले होते.

टक्.

पाच्छापुऱ्यांची भुवई वर गेली. सरपंच चालत राहिले. काही नाही, काही नाही, काही नाही, टक्. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर पावलांच्या फेरीत एकदा, लाकडी खडावेसारखा स्वच्छ टक्. आयुष्यात मला इतका गोड आवाज क्वचित ऐकायला मिळाला आहे.

"तीन पाय उत्तम," पाच्छापुरे डोळे उघडून म्हणाले. "इतकं चांगलं काम मी आजवर ऐकलं नाही. मागचा डावा राहिला वाटतं?"

"राहिला," मी म्हणालो.

"मग घासून टाका की. मी थांबतो. थोडक्यासाठी कशाला अडायचं?"

एवढ्यात हेमलता पोह्यांच्या बशा घेऊन आली.

"आज नाही जमायचं हो," ती म्हणाली. "दिवेलागणीला नखाला हात लावत नाहीत."

पाच्छापुऱ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन कट्ट्यावर अजून ऐसपैस बसलेलं होतं.

"उद्या?" त्यांनी विचारलं.

"उद्या गुरुवार, दत्ताचा. परवा देवीचा वार. शनिवारी तर नाहीच."

"रविवारी?"

हेमलता क्षणभर अडली. रविवाराचा तिने आजवर विचारच केला नव्हता.

"रविवारी हे कोणतंच काम करत नाहीत," ती म्हणाली. "रिटायर झाले तरी रविवार पाळतात."

पाच्छापुरे तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग फरशीवर पाय पसरून बसलेल्या सरपंचांकडे. पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसाला बंद पाकीट हातात घेतलं की बरंच काही कळत असावं. त्यांनी बशी हातात घेतली.

"म्हणजे नापास लिहू," ते म्हणाले.

"लिहा," मी म्हणालो.

"डॉक्टरांना आम्ही सांगू," हेमलता म्हणाली. "टेंपोवाल्यालासुद्धा."

तिघं पोहे खात होतो, चौथे आमच्याकडे बघत होते. मी दुसरा घास घेतला आणि थांबलो.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

म्हणालो, आणि मग लक्षात आलं की हे मी सरपंचांना म्हणालो नव्हतो.

हेमलताने माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत.

"वरून घ्या."

"वरून घेतलेलं लागत नाही."

"मग तसेच खा."

"तसेच खातोय की. खात नाही असं म्हटलं का? कमी आहे एवढंच म्हटलं."

"चाळीस वर्षं म्हणताय. एकदा तरी जास्त झालं का?"

"एकदा झालं होतं. तुझ्या भावाच्या लग्नात."

"ते आचाऱ्यानं केलं होतं."

"तेच म्हणतो मी. आचारी निदान चुका बदलून करतो."

पाच्छापुऱ्यांनी चमचा खाली ठेवला होता. मफलर अजून कानावरून बाजूलाच होता. फरशीवर सरपंच चालत असताना ते जसे ऐकत होते, तसेच आत्ता ऐकत होते, डोळे अर्धे मिटून, मान किंचित कलती करून.

"तुमच्यात असं रोज चालतं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आता कुजबुजीतून बराच वर आला होता.

"रोज नाही," हेमलता म्हणाली. "मध्ये मध्ये अबोला असतो."

"छान," पाच्छापुरे म्हणाले. "छान आहे."

चहा झाला. त्यांनी टोपी नीट केली, मफलर गुंडाळला, उठल्यासारखं केलं आणि उठले नाहीत. बशीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. सरपंच उठून त्यांच्याजवळ गेले, काही नाही, काही नाही, काही नाही, टक्, आणि त्यांच्या उजव्या पायाशी जाऊन बसले. हेमलताच्या हातात ती बारीक कानस होती. आत ठेवायला म्हणून उचललेली. पाच्छापुऱ्यांची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"आमच्याकडं व्यवस्था चांगली आहे बघा," ते म्हणाले. "न्हावी येतो. डॉक्टर येतात. दाताचेसुद्धा येतात. कोणाला काही सांगावं लागत नाही." ते थांबले. "म्हणजे सांगायला कोणी नसतं असं नाही. पण काही गोष्टी सांगायच्या कशा, हा प्रश्न असतो."

बाहेर ऊन कट्ट्यावरून उतरायला लागलं होतं आणि गुळाचा वास पुन्हा आत आला होता.

पाच्छापुऱ्यांनी वाकायचा प्रयत्न केला. हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथं थकला. मग त्यांनी डाव्या पायाने उजव्या पायातला मोजा हळूहळू, टाचेकडून, ढकलत ढकलत काढला आणि तो पाय जरासा पुढे केला.

"वहिनी, राग येणार नसेल तर," ते म्हणाले, "तेवढं आमचं अंगठ्याचं बघता का? वाकवत नाही."